सासू गप्प झाली तेव्हा

ज्या वर्षी माझं एकाच बाईशी दोनदा लग्न लागलं, त्या वर्षीची ही हकीकत. साल विचारू नका. आमच्या तांबळवाडीत एखाद्याचा जन्म कधीचा म्हणून विचारलं, तर 'धाकूच्या पहिल्या लग्नाआधीचा' किंवा 'दुसऱ्या लग्नानंतरचा' एवढंच सांगतात. दोन लग्नांत अंतर आठ दिवसांचं. त्या आठ दिवसांत पावश्यांची म्हैस व्याली, आणि त्या रेडकाचं वय काही शेवटपर्यंत ठरलं नाही.

तर मार्गशीर्षातली पौर्णिमा उलटून एक दिवस झाला होता. सकाळचे सात वाजले असतील. मी मुंडावळ्या बांधून, हातात लिंबू खोचलेली कट्यार घेऊन पुळणीवर उभा होतो. पाठीमागे मांडव. मांडवामागे माडाच्या झावळ्यांचं बिऱ्हाड, नवरीकडच्यांना उतरायला. शेजारी माझा बापूस, हशा तांडेल. चाळीस वर्षं होडीच्या सुकाणूवर बसलेला माणूस. जमिनीवरही तो वाऱ्याविरुद्ध ओरडल्यासारखाच बोले.

"आले बघ चिखलातले बेडूक," बापूस म्हणाला.

खाडीच्या तोंडातून दोन होड्या येत होत्या. त्यात माझी नवरी, तिचा बाप भागोजी आणि त्यांची माणसं.

"बाबा, हळू. ऐकतील."

"ऐकू देत. गुडघाभर पाण्यात उभं राहून कोलंबी चाळणारी माणसं. समुद्र यांनी पाहिलाय कधी?"

आम्ही समुद्रावरचे, ते खाडीतले. ते आम्हाला खारट डोक्याचे म्हणत आणि आम्ही त्यांना बेडूक. सोयरीक जमली ती दोन्ही बाजूंनी नाक मुरडूनच. भागोजीकडे त्यांच्या गावच्या खारबांधाची उघाडी सांभाळायचं काम होतं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला त्याची झडप आपोआप उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत सोडते. भरतीला आपोआप मिटते.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी. वाडीसमोर, दोन हाकांच्या अंतरावर, पाण्यात खडकांची एक लांबलचक रांग आहे. बाहेरून येणारी लाट तिच्यावर आपटते, फुटते, आणि उरलेलं पाणी फेस होऊन लोळत पुळणीवर येतं. रांगेची कुरकुर दिवसरात्र चालू. म्हणून तिचं नाव सासू. नवी नवरी आली की घर दाखवण्याआधी तिला पाण्याच्या कडेला नेतात, हातात नारळ देतात आणि म्हणतात, "ऐक गो, ही पहिली सासू." नवरीने "ऐकलं" म्हणायचं आणि नारळ पाण्यात सोडायचा. त्या एका शब्दापलीकडे लग्न लागेपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही. माझी आई मी नऊ वर्षांचा असतानाच गेली, घरात दुसरी सासू नव्हती; त्यामुळे बापसाला या चालीचं फारच कौतुक.

भागोजी होडीतून उतरला आणि हात जोडून म्हणाला, "राम राम तांडेल. आज पाणी जरा..."

"पाणी बघायला आम्ही आहोत, व्याही. तुम्ही लेक उतरवा."

भागोजी लेकीला उतरवायला वळला. पडतं घेण्याची मुलीकडच्यांची सवय.

नवरी उतरली. जयवंती तिचं नाव. मान खाली, डोक्यावरून पदर, मला दिसली ती फक्त हनुवटी. बापसाने तिला कडेला नेलं, हातात नारळ दिला आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐक गो, ही पहिली सासू!"

सगळ्यांनी कान दिले.

काहीच नाही. आवाजच नाही.

लाटा येत होत्या, पण फेस कुठे दिसेना. हिरव्या, गुळगुळीत पाठी एकामागून एक येत होत्या, आणि दोन पाठींच्या मध्ये माणूस विडा लावून तोंडात टाकेल एवढा वेळ जात होता. दोन दिवस पश्चिमेचा वारा नुसता झोडपत होता. रेडिओवर सांगत होते की वादळ लांब बाहेर आहे, आपल्याकडे येणार नाही. पहाटे वाराही पडला होता. आणि आता सासू गप्प.

सोनीआत्या, बापसाची थोरली बहीण, पायाने अधू, खुर्चीत बसून होती. ती हसत सुटली. "अगो बाय! काय सून आणलीस रे हशा! तिने तोंड उघडायच्या आत सासूची बोलती बंद!"

सगळी पुळण हसली. बापूस फुगला. "शकुन झाला, शकुन! पंचवीस वर्षांत सासू अशी गप्प झाली नव्हती. बोल गो, 'ऐकलं' म्हण."

जयवंतीने मान वर केली. "काही ऐकूच येत नाही."

हसणं थांबलं.

"आत्ता ओहोटी आहे ना?" ती म्हणाली. "मग दगड दिसायला हवेत. कुठायत?"

बापसाचा चेहरा असा झाला, जणू होडीने उठून त्याला प्रश्न विचारला. मग त्याला सुचलं. "दगड जागच्या जागी आहेत. तुझ्या बापाच्या बांधासारखे वाहून जात नाहीत!"

पुन्हा हशा. भागोजीने लेकीचा दंड धरला. तिने नारळ पाण्यात सोडला. तो पुढे जायचा सोडून परत आला, तिच्या पायाला लागला आणि तिला ओलांडून वर वाळूत जाऊन बसला.

"सासूने प्रसाद परत दिला," सोनीआत्या म्हणाली, आणि तेही शकुनात जमा झालं.

तासाभराने मी बिऱ्हाडाच्या मागच्या बाजूने चाललो होतो. उगाचच. तेवढ्यात झावळ्यांतून हाक आली.

"अहो, मुंडावळीवाले."

झावळ्यांच्या फटीत एक डोळा होता.

"बोलू नको गो, कोणी बघेल."

"बघितलं तर तुम्हाला बघतील. मी कुठे दिसतेय? तुम्हालाही वाटतं का, तुमची सासू झोपलीय?"

"शकुन आहे म्हणतात."

"शकुन नाही, पाणी आहे. आमच्या उघाडीची झडप आज पहाटे उघडलीच नाही. बाबा दोन तास तिच्यापुढे बसले होते. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच असेल तर ती उघडणार कशी? ओहोटीला समुद्र उतरलाच नाहीये. दोन दिवस वाऱ्याने त्याला ढकलून ढकलून किनाऱ्याशी आणून ठेवलाय. आता दुपारी साडेबाराला उधाणाची भरती. ती कुणाच्या डोक्यावर चढणार?"

"पण लाटा तर बघ किती मऊ आहेत."

"मऊ?" डोळा बारीक झाला. "लाट पायाने चालते. तुमच्या दगडांना तिचा पाय अडखळतो, म्हणून ती तिथे पडते आणि ओरडते. दगडांवर पुरुषभर जास्त पाणी चढलं, की अडखळायचं कशाला? ती चालत राहणार. मग पडेल ती इथे, पुळणीवर. मांडवात."

मला हसू आलं. खरं सांगायचं तर हसू तिच्या बोलण्याचं नव्हतं, फटीतून एवढं सगळं सांगणाऱ्या त्या डोळ्याचं होतं.

"तू चिखलातली. तुला समुद्राचं काय कळतं?"

"काही नाही कळत. चिखलातल्या माणसाला पाणी कुठवर येईल एवढंच कळतं. काल उधाणाचं पाणी जिथवर आलं ती शेवाळाची रेघ आहे ना वाळूत? तिथे ती कट्यार रोवा, लिंबू वर ठेवून. भरतीला अजून चार तास आहेत. त्याआधीच लिंबू भिजलं तर मला सांगायला या. नाही भिजलं, तर जन्मभर मला बेडूक म्हणा."

हे मला पटलं. म्हणजे बेडूक म्हणायचा हक्क पटला. मी रेघेवर कट्यार रोवली आणि हळदीच्या गोंधळात तिला विसरूनही गेलो.

आठवण झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. मांडवात तीनशे माणसं बसली होती, सगळी समुद्राकडे पाठ करून, कारण बोहलं त्या बाजूला नव्हतं. मी पुळणीवर गेलो. कट्यार दिसेना. रेघही दिसेना. रेघेच्या वर सहा पावलांवर पाणी होतं, आणि भरतीला अजून दोन तास.

मी धावत बापसाकडे गेलो. तो आलेल्या पाहुण्यांना पानसुपारी देत होता.

"बाबा, पाणी रेघेच्या वर आलंय. माणसं वर, कातळाच्या सड्यावर न्यायला हवीत."

"सासू काय म्हणते?"

"सासू गप्प आहे."

"मग तू पण गप्प. सासू गप्प तर समुद्र गप्प. माझ्या बापाने सांगितलंय, त्याला त्याच्या बापाने."

"पण कट्यार वाहून गेली!"

बापसाने माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "नवरदेवाने कट्यार हरवली? अरे करंट्या! जा, आचाऱ्याकडून भाजीची सुरी घे आणि उभा राहा. पुन्हा समुद्राचं नाव काढलंस तर वहाण काढीन, मुंडावळ्या बघणार नाही."

मी पुन्हा झावळ्यांपाशी.

"लिंबू गेलं," मी म्हणालो.

"आणि तांडेल?"

"वहाण काढतो म्हणतात."

डोळा क्षणभर मिटला. वाटलं, ही आता रडणार. ती हसली.

"मग सोपं आहे," ती म्हणाली, आणि फटीला तोंड लावून तिने मला आणखी काही सांगितलं. ते काय, ते शेवटी सांगेन. तसा मी शब्द दिलाय.

मी मांडवात शिरलो. भटजी बोहल्यापाशी मांडामांड करत होते. चांदीच्या तबकात मंगळसूत्र ठेवलेलं. मी तबक उचललं, छातीशी धरलं आणि पळालो. पुळणीकडे नव्हे, सड्याकडे. वाडीच्या मागून वर जाणारी एकशे चाळीस पायऱ्यांची पाखाडी आहे, तिच्यावरून.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग सोनीआत्याचा आवाज आला, "नवरा पळाला! मंगळसूत्र घेऊन पळाला गो!"

आणि मांडव उठला.

काय सांगू तुम्हाला, तांबळवाडीत तशी धावाधाव पूर्वी झाली नाही आणि नंतरही नाही. पुढे पोरं, टाळ्या पिटत. त्यांच्या मागे दोन्हीकडचे तरणे, एकमेकांना शिव्या देत. आमचे म्हणत होते बेडकांनी काहीतरी केलं, बेडूक म्हणत होते खारट डोक्यांनी फसवलं. मग बाया, लुगडी खोचून. आचारी हातात झारा घेऊन. भटजी पोट सांभाळत, "अरे, बारा दहाचा मुहूर्त आहे रे!" असं दर दहा पायऱ्यांना ओरडत. वाजंत्र्यांना वाटलं मिरवणूक निघाली. ते वाजवत वाजवत चढले. आणि सगळ्यांना ढकलत, उजव्या हातात वहाण, माझा बापूस.

त्याने मला सड्याच्या कडेला गाठलं. पहिली वहाण पाठीवर, दुसरी खांद्यावर. मुंडावळ्या तुटल्या.

"लग्नाला भितोस? हशा तांडेलाचा मुलगा लग्नाला भितो?"

"नाही बाबा..."

"मग कशाला पळालास?"

मी पायऱ्यांकडे बघत होतो. जयवंती अजून आली नव्हती.

ती सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्यापुढे भागोजी आणि त्यांच्याकडचा एक गडी सोनीआत्याला खुर्चीसकट उचलून आणत होते, आणि खुर्चीत सोनीआत्या राणीसारखी बसून दोघांना शिव्या देत होती. जयवंतीच्या कडेवर कुणाचं तरी रडकं पोर. पदर पडलेला, बांगड्या फुटलेल्या. वर आल्यावर तिने पोर खाली ठेवलं आणि काही न बोलता नुसता हात केला. खाली, समुद्राकडे.

बापसाची वहाण तिसऱ्यांदा वर गेली होती. ती तशीच राहिली.

बाहेरून तीन लाटा येत होत्या. मोठ्या म्हणाव्यात तर वरून तशा वाटत नव्हत्या. सासू जिथे असते तिथून पहिली गेली. फेसाचा एक ठिपका नाही, आवाज नाही, जणू तिथे कधी दगड नव्हतेच. पुळणीजवळ आली तेव्हा मात्र तिचा पाय टेकला. ती उभी राहिली. माडाच्या अर्ध्या उंचीची झाली आणि तिथेच कोसळली. ते पाणी मागे फिरायच्या आत दुसरी त्याच्या पाठीवर बसून आली, आणि दुसरीच्या पाठीवर तिसरी. मांडवाचे खांब एकदाच कडाडले. भाताची तीन पातेली, झाकणांसकट, रांगेने तरंगत माडांमध्ये शिरली. खालच्या आळीतल्या घरांत कमरेएवढं पाणी गेलं. वर तीनशे माणसं उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. पिपाणीवाला तेवढा श्वास सोडायला विसरला होता. त्याची पिपाणी बारीक वाजत राहिली आणि मग तीही थांबली.

"सासू बुडाली," बापूस म्हणाला. एवढ्या हळू आवाजात बोललेला तो मी पहिल्यांदा ऐकला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

मी तोंड उघडलं. बापसाच्या पाठीमागे जयवंती उभी होती. तिने डोळे मोठे केले आणि मान हलवली. नाही.

"लिंबावरून," मी म्हणालो.

"लिंबावरून?"

"कट्यार रोवली होती रेघेवर. लिंबू भरतीआधीच भिजलं."

बापसाने वहाण खाली टाकली, पायात घातली, आणि माझी पाठ अशी थोपटली की वहाणेपेक्षा ते जास्त लागलं.

"भटजी," तो गरजला, "मुहूर्ताला किती अवकाश?"

"पाऊण तास. पण मांडव नाही, अंतरपाट नाही, अक्षता नाहीत..."

बापसाचा फेटा सोडून अंतरपाट धरला. बेडकांच्या बायांच्या ओट्यांत तांदूळ होते, त्यांच्या अक्षता झाल्या. बारा दहाला सड्यावर, उघड्या आभाळाखाली, खाली समुद्र आमचा मांडव चघळत असताना, माझं पहिलं लग्न लागलं. जेवण नाही. एका बाईच्या पदरात शेंगदाणे निघाले, ते दोन दोन वाटले.

संध्याकाळी पाणी उतरलं. खाली गेलो तर मांडवाचे चारच खांब उभे होते आणि त्यांच्या बरोबर मध्ये, बोहल्यावर, बापसाची होडी बसली होती. नाक वर, तळाला भोक. वाडीत एकही माणूस दगावलं नाही. पुढे कितीतरी दिवस लोक भागोजीला 'व्याही' म्हणायचं सोडून 'खुर्चीवाले' म्हणत, आणि तो लाजे.

आठ दिवसांनी दुसरं लग्न लागलं. पाहुणे उपाशी गेले होते हे एक कारण. दुसरं, नवरीने सासू ऐकलीच नव्हती, तर चाल पुरी कशी व्हायची? बापसाने तिला पुन्हा कडेला नेलं. सासू अशी गर्जत होती की शेजारच्याचं बोलणं कळेना. "ऐकलं," जयवंती म्हणाली. बापूस म्हणाला, "बस. पुढे काही बोलू नको."

मला मात्र जन्माचं नाव पडलं. बापूस बंदराबंदरांत सांगत फिरे, "आमचा धाक्या लिंबावरून समुद्र ओळखतो." पश्चिमेचा वारा दोन दिवस टिकला की आमच्या वाडीत आजही शेवाळाच्या रेघेवर काठी रोवतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. माणसं मला विचारायला येत आणि मी घरात जाऊन 'जरा विचार करतो' म्हणे. आत जयवंती भाकरी थापत असे. ती सांगे, मी बाहेर येऊन सांगे.

बापूस थकला, अंथरुणाला खिळला, तेव्हा एका सकाळी मी त्याला पेज भरवत होतो. त्याचा आवाज जाऊन नुसता वारा उरला होता.

"धाक्या, ते लिंबू तुझं की तिचं?"

मी चमचा पेजेत फिरवत राहिलो.

"सांग की."

मी काहीच बोललो नाही. बापूस माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता.

"समजलं," तो म्हणाला. "गप्प बसलेल्याचं कसं ओळखायचं, ते मला त्याच दिवशी समजलं. तिला सांगू नको मला कळलंय म्हणून. बेडकीण शेफारेल."

तेही मी तिला सांगितलं नाही. एका घरात दोन माणसांची दोन गुपितं मी सांभाळली, आणि दोन्ही एकच होती.

आता झावळ्यांतून ती काय म्हणाली ते.

"समुद्र आला म्हटलंत तर एकही उठणार नाही. नवरा पळाला म्हटलं तर एकही बसणार नाही. मंगळसूत्र घेऊन वर पळा. म्हाताऱ्यांना मी आणते. आणि हे मी सांगितलं असं कुणाला कळू देऊ नका. पळपुटा मुलगा तांडेल पदरात घालून घेईल, सासू वाचणारी सून नाही घेणार. मी आहे तोवर बोलायचं नाही. शब्द द्या."

मी दिला. मग विचारलं, "आणि मी खरंच पळून गेलो, परत आलोच नाही तर?"

"मंगळसूत्र तेवढं ठेवून जा," ती म्हणाली.

साठी उलटल्यावर तिनेच मला नातवाच्या पाटीवर अक्षरं शिकवली. मी म्हणे, आता कशाला? ती म्हणे, मी गेल्यावर लिहायला लागेल. पहिला शब्द तिने मला 'लिंबू' लिहायला लावला.

माझा बापूस हशा तांडेल त्या पेजेनंतर बारा दिवसांनी, श्रावणातल्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेला. जयवंती गेल्या वर्षी फाल्गुन वद्य पंचमीला, गुरुवारी दुपारी गेली.